रिमॅच आणि रविवारचा चहा

राजरत्नला अठरा वर्षं एकच गोष्ट सलत होती. कार रेसच्या गेममध्ये बायकोनं, स्वप्नानं, त्याला हरवलं होतं. पैज अशी, की हरणाऱ्यानं पुढची मॅच होईपर्यंत दर रविवारी चहा करायचा. पुढची मॅच झालीच नाही. कल्याणहून डोंबिवलीला बिऱ्हाड हलवताना गेमची डिस्क गहाळ झाली, आणि ऑफिसात हेडक्लार्क म्हणून मिरवणारा हा गृहस्थ दर रविवारी मुकाट आलं ठेचत राहिला.

यंदा चौदा एप्रिलच्या जयंतीसाठी, बिऱ्हाड हलवल्यापासून न उघडलेलं रोषणाईच्या जुन्या माळांचं खोकं काढलं, तर तळाशी ती डिस्क! त्याला आभाळ ठेंगणं झालं. पण लेकीच्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नव्हती. कंपनीनं ती मुद्दाम लपवली असावी, तसा राजरत्न लॅपटॉप उलटापालटा करून शोधत बसला.

मग स्वारी निघाली नौपाड्यात, सर्वेश नावाच्या मित्राकडे. त्याच्याकडे जुना कॉम्प्युटर होता. राजरत्ननं त्यात डिस्क घातली, पडद्यावरचं डिस्कचं चित्र पेनड्राइव्हवर ओढलं आणि खिशातल्या पेनड्राइव्हवर हात दाबून धरत घर गाठलं. घरी काहीच उघडेना.

"पप्पा, तुम्ही नुसता शॉर्टकट आणलात," संचिता, त्याची लेक, हसून लोळायचीच बाकी होती. "दारावरची पाटी काढून आणलीत, घर राहिलं नौपाड्यात!"

"रिक्षात मावलं नसेल," स्वप्ना आतून म्हणाली.

आता मात्र राजरत्न हट्टालाच पेटला. शनिवारी त्यानं बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला. डिस्क घरघरली, गाडीचं चित्र आलं, तो खुर्चीत सरसावून बसला. तेवढ्यात पडद्यावर सूचना आली: कव्हरवरचा कोड टाका.

कव्हर कुठलं? खोकं उपसलं, माळा सोडवल्या, कव्हर काही मिळेना. बिचाऱ्याचा चेहरा एवढासा झाला.

स्वप्नाला ते बघवलं नसावं. तिनं वरच्या फळीवरून एक जुना डबा काढला आणि त्यातलं पिवळं पडलेलं कव्हर त्याच्यापुढे ठेवलं.

"तू लपवलेलंस?"

"डिस्कपण मीच लपवलेली. माळांच्या खोक्यात ठेवलीय हेच विसरले."

"अगं, पण का?"

"आठवडाभर सगळ्यांना चहा मी देते. रविवारी तुम्ही माझ्या उशाशी कप ठेवता, साखर बघ म्हणता. मला ते फार आवडतं. रिमॅच झाली असती आणि मी हरले असते, तर?"

राजरत्नला एकदम भरून आलं. अठरा वर्षं तो याला शिक्षा समजत होता. त्यानं कोडचे तीन आकडे टाकले, थांबला, लॅपटॉप मिटला. कव्हर डब्यात घातलं आणि डबा होता तिथे ठेवून दिला.

"हराल म्हणून घाबरलात ना?" स्वप्नानं विचारलं.

"हो," तो म्हणाला. "उद्या आलं घालू की वेलची?"