निशिकांतचं वय

रागिणीला चौदाव्या वर्षी कुणी विचारलं असतं, की लग्न कुणाशी करशील, तर तिने बेधडक सांगितलं असतं, निशिकांतशी. निशिकांत म्हणजे कादंबरीतला चित्रकार. कपाळावर केस, हळू आवाज, आणि नायिका केतकीचं मन म्हणे तिच्या आईबापापेक्षा त्यालाच जास्त कळायचं. वर्गातल्या निम्म्या पोरी त्याच्यावर लट्टू होत्या. रागिणीने तर ते पुस्तक साड्यांच्या खाली घालून सासरी आणलं, अकोल्याच्या जुन्या शहरात. लेक आकांक्षा दहावीत गेली तेव्हा मोठ्या कौतुकाने तिच्या हातात ठेवलं. पोरीने वाचून ‘बरं हाये’ म्हणत परत दिलं. रागिणी हिरमुसली. आजकालच्या पोरींना कशाची गोडीच नाही, असं नवऱ्यापाशी बोलून मोकळी झाली.

त्या गुरुवारी दुपारी फुलांच्या दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. नवरा शेखर मळ्यात होता. आकांक्षा नुकतीच ओल्या फडक्यात हार गुंडाळून क्लासला निघाली होती, तीही कुरकुरत.

“आज बाबाले पाठव नं माय.”

“बाबा मळ्यात हायेत. हार काय धोंड्यावानी जड हाये? जाय लवकर.”

क्लासच्या प्रीतम सरांकडे गजानन महाराजांचा फोटो होता. त्याला दर गुरुवारी रागिणीच्या दुकानाचा हार जायचा, फुकट. फूलवाल्याच्या घराने लेकीच्या गुरूला दुसरं काय द्यावं? सरांनीच सांगितलं होतं, “ताई, हार आकांक्षाच्याच हातून पाठवत जा. क्लासच्या आधी, निवांत.” शहरभरच्या पोरींतून आपलीच पोर सरांनी निवडली, म्हणून रागिणीला केवढी धन्यता वाटली होती.

पोर गेली आणि रागिणीने वेळ घालवायला ते जुनं पुस्तक उघडलं. आधी मजा वाटली. मग केतकी पहिल्यांदा चित्र शिकायला जाते ते पान आलं. केतकी नववीत. आणि निशिकांत शाळेत शिकवून, ती नोकरी सोडून, मुंबईला राहून परत आलेला. रागिणी थबकली. हा तर तिशीचा घोडा! इतकी वर्षं तिने त्याचं वय कधी मोजलंच नव्हतं. लेखकाने लपवलं होतं असंही नाही, सगळं उघड छापलेलं होतं.

पुढे तो केतकीला बाकीच्या मुली येण्याआधी बोलावू लागतो. तू त्यांच्यासारखी नाहीस, म्हणतो. घरी सांगू नकोस, त्यांना कळायचं नाही, म्हणतो. याच ओळीवर रागिणी चौदाव्या वर्षी सुखाने रडली होती. आता तिने ती ओळ पुन्हा वाचली.

क्लासच्या आधी. निवांत.

पुस्तक तसंच झेंडूच्या ढिगावर टाकून तिने आकांक्षाला फोन लावला. वाजून वाजून बंद झाला. परत लावला, परत तेच. शेजारच्या लीलाबाईंना दुकानाकडे पाहायला सांगून तिने स्कूटी काढली. मोर्णा नदीच्या पुलावर एक ट्रॅक्टर आडवा झाला होता, आणि ती सारखा हॉर्न वाजवत होती. आपणच पोरीला ते पुस्तक दिलं. आपणच शिकवलं, की असं कुणी हळू बोललं की त्याला प्रेम म्हणायचं. आणि आपणच तिला आज ढकलून पाठवलं. देवा, अजून काही झालेलं नसू दे. दुसरं काही तिच्या तोंडी येईना.

क्लास एका इमारतीच्या पहिल्या मजल्यावर होता. खालच्या पायरीवर आकांक्षा बसली होती, मांडीवर हार, फडकं वाळलेलं. आईला पाहून ती दचकून उठली.

“फोन काहून नाई उचलला?”

“वाजला असता तं वर ऐकू गेलं असतं. मुका केला मी.” ती अगदी हळू बोलत होती. “बाकीच्या पोरी येईस्तोवर मी इथंच बसतो दर गुरुवारी.”

तेवढ्यात वरून दार करकरलं. “आकांक्षा? आली काय तू?” सरांचा आवाज मऊ होता. “ये नं वर. एकटीच आहेस नं?”

पोरीने आईचा पदर मुठीत धरला. लहानपणी कुत्रं अंगावर आलं की धरायची तसा.

“मी हाये सोबत,” रागिणी ओरडली. आवाज फाटला, पण जिन्यात घुमला. “खाली या तुमी. इथं, रस्त्यावर बोला माह्याशी.”

 वरचं दार लागलं आणि आतून कडी सरकली.

रागिणीने पोरीला जवळ ओढलं. तिचं अंग थंडगार पडलं होतं. “दर गुरुवारी इथं बसून राहत होती, अन् मले एका शब्दानं नाई सांगतलं? काहून वं?”

आकांक्षाने हार परत फडक्यात गुंडाळला.

“तुले तो निशिकांत लई आवडते नं,” ती म्हणाली. “मले वाटलं, तू सरांचीच बाजू घेशील.”