जिन्याचं बटन

खुशालराव निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती, पण जगातल्या यच्चयावत माणसांचे अर्ज अजून आपल्याच टेबलावर येतात, असा त्यांचा समज होता. पीकनुकसानीचे कागद तपासण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. गारपिटीच्या वर्षी संत्र्याच्या बागा झोपल्या, तेव्हा त्यांनी एकट्याने चारशे अर्ज परत पाठवले होते. कुणाची सही नाही, कुणाची तारीख नाही म्हणून. ही मर्दुमकी ते अजून चहाबरोबर पाहुण्यांना ऐकवत. पाहुणे चहा लवकर संपवत.

असा माणूस अमरावतीतल्या नव्या अपार्टमेंटमध्ये राहायला आला आणि लोकांनी त्याला सोसायटीचा सेक्रेटरी केलं, यात लोकांचीच अक्कल दिसते. सेक्रेटरी म्हणून खुशालरावांनी आजवर एकच काम मनापासून केलं होतं. रोज सकाळी आठला चौथ्या मजल्यावरून खाली उतरायचं, मीटरच्या खोलीतलं जिन्याच्या दिव्यांचं मोठं बटन बंद करायचं आणि संध्याकाळी सातला चालू करायचं. सोसायटीचं बिल वाचतं म्हणे. एवढं करून ते अशा ऐटीत जिना चढत, की जणू धरणाचे दरवाजेच बंद करून आले.

मुलगी मंजुषा मातीच्या विषयात एम.एस्सी. झालेली. आई गेल्यापासून घरात दोघंच. हैदराबादच्या एका कंपनीत माती तपासणीचे तक्ते बघायची नोकरी निघाली होती, आणि ते काम घरी बसून करता येणार होतं. खुशालरावांना नोकरीपेक्षा हे घरी बसणंच जास्त पसंत पडलं. पोरगी डोळ्यांसमोर राहील, भाजीत मीठ कमी पडलं तर तिथल्या तिथे ऐकवता येईल. पोरीशिवाय घर खायला उठेल, हेही मनात होतं. पण ते बोलून दाखवण्याची त्यांना सवय नव्हती.

अडचण एकच. मुलाखत कॉम्प्युटरवर होती आणि घरातलं इंटरनेट दिवसा चालतच नव्हतं. पहिल्या मुलाखतीत मंजुषा दोन वाक्यं बोलली आणि पडद्यावरचे साहेब तोंड उघडं ठेवून गोठले. कंपनीने दया येऊन गुरुवारी सकाळी अकराची वेळ दिली आणि ही शेवटची, असं बजावलं.

इंटरनेटवाला तनवीर मूळचा पातूरचा, चौकात त्याचं लहानसं दुकान होतं. शनिवारी संध्याकाळी तो आला तेव्हा नेट तुफान पळत होतं.

"आता कसं चालून राहिलं?" खुशालरावांनी त्यालाच दटावलं. "तू आला का चालते, तू गेला का बंद. तूच करत असशील."

"दिवसा येऊन पायतो, साहेब."

"पायतो म्हणे. शिकला तरी हायस का काही?"

तनवीरने वायरी पुन्हा नीट बसवल्या आणि चहा न घेता गेला. चहाचं कुणी विचारलंही नव्हतं.

सोमवारी तो भरदुपारी आला. वर बघितलं, खाली गेला आणि पाच मिनिटांत राउटरचा लाल दिवा हिरवा झाला. गॅलरीतून खुशालरावांना दिसलं, की मीटरच्या खोलीपाशी तो मंजुषाला हातवारे करून काही समजावतोय.

मंजुषा वर आली. "बाबा, ते जिन्याचं बटन हाय ना खालचं..."

"बटनाचं मले सांगू नको. कोणं तक्रार केली? त्या खालच्या पार्बताबाईनंच केली असंल. दिवसाढवळ्या दिवे पायजेत तिले."

"तसं नाही, नेटचा डबा..."

"सेक्रेटरी कोण हाय, मी का तू?"

मंजुषा कुकर लावायला गेली.

मंगळवारी आठला खुशालराव खाली आले, तर बटनाच्या वर एक कागद चिकटवलेला. कागद वाचायची त्यांची रीत वेगळी होती. ते खालून वाचत. आधी सही बघायची, मग तारीख, आणि दोन्ही असतील तरच मजकुरावर नजर टाकायची. इथे खाली काहीच नव्हतं. त्यांनी खिशातलं लाल पेन काढून त्यावर लिहिलं, 'सही नाही, तारीख नाही. विचार करता येत नाही.' मग बटन बंद केलं. बुधवारीही त्या कागदाकडे न बघताच बंद केलं.

त्या दोन दिवसांत त्यांनी इंटरनेट कंपनीविरुद्ध दोन पानी तक्रार लिहून काढली, तीन प्रतींत. तनवीरची अकार्यक्षमता त्यात चार वेळा आली होती.

गुरुवारी ते बटन बंद करून वर आले, आंघोळ केली, सावकाश पूजा केली आणि मग राउटरपुढे खुर्ची टाकून पहाऱ्याला बसले. दिवा लाल. पावणेअकरा झाले तरी लालच. त्यांनी मंजुषाच्या खोलीचं दार ढकललं. खोली रिकामी होती. तिच्या चपलाही दारात नव्हत्या.

धापा टाकत ते खाली आले. तळमजल्यावरच्या पार्बताबाई उंबऱ्यात बसून झेंडूचे हार ओवत होत्या. मुलांनी फुलांच्या धंद्यावर फ्लॅट घेतलेला, म्हणून खुशालराव त्यांच्याशी सहसा बोलत नसत.

"मंजुषा दिसली काय?"

"नऊ वाजताच गेली ना तनवीरच्या दुकानात. तिथून देते म्हणे मुलाखत."

"दुकानात काहून? घर नाही काय?"

"घरचं नेट तुमी बंद करता ना रोज." बाईंनी सुईतला दोरा ओढला. "साऱ्यायले मालूम हाय. तिथं लिवलंच हाय."

खुशालराव मीटरच्या खोलीत गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कागद वरून वाचू लागले. 'इंटरनेटचा डबा जिन्याच्या दिव्यांच्या लाईनवर आहे. बटन बंद केलं की चौथ्या मजल्याचं नेट बंद होतं. कृपा करून गुरुवारपर्यंत तरी बंद करू नये.' त्याखाली त्यांचीच लाल अक्षरं होती. वरचं अक्षर मंजुषाचं होतं. त्यांनी बटन चालू केलं.

मंजुषा एक वाजता आली.

"काय झालं?"

"घेतलं त्यायनं मले."

"मंग बरं झालं. नेटचं मी पायलं, आता दिवसभर बंद नाही पडत. तू आरामात घरूनच..."

"त्यायनं तेच विचारलं, घरून करता का इथं हैदराबादले येता." ती पाण्याचा पेला भरत होती. "मी म्हटलं, तिथंच येते."

"काहून? नेट त सुरू झालं ना आता."

"दिसलं मले. खालूनच आली मी."

खुशालराव खुर्चीवर बसले. तक्रारीच्या तिन्ही प्रती टेबलावर होत्या, प्रत्येकीवर सही आणि तारीख. त्या बाजूला सारत ते म्हणाले, "मले एकदा सांगाचं त होतं, पोरी."

"सांगितलं होतं, बाबा. मंग लिहून पण दिलं होतं." तिने पेला पालथा घातला. "एक तारखेले निघते मी."