ज्ञानूचा उजवा पाय

वासराच्या तोंडात अंगठा दिला की ते ओढतं.

साळूबाईची म्हैस वळणावर आडवी उभी होती. म्हशीला काहीही झालं नाही.

लसूण घालून कढवलेलं तेल. बाटलीच्या बुचाला फडकं.

"शब्द म्हंजे शब्द." हे आंबवड्याच्या मानसिंगचं.

एक रबरी कडं, लहान पोरीच्या बांगडीएवढं.

अंगण आरशासारखं लख्ख.

*

ज्ञानू साठीच्या पुढचा. वेल्ह्याच्या वर डोंगराच्या पोटाला घर आणि दारात जुना डिझेल पिकअप. सकाळी दुधाचे कॅन, दुपारी कुणाचं खत, कुणाचे पत्रे, आणि एसटी चुकलेली माणसं तर बाराही महिने. गाव त्याला आबा म्हणायचं. रस्त्यावरचा खड्डा आणि ज्ञानू एकमेकांना नावानिशी ओळखतात, असंही म्हणायचं.

पाऊस सरता सरता त्याचा उजवा पाय दगा द्यायला लागला.

आधी ब्रेकवर नुसतं पाऊल टेकलं तरी गाडी गुमान थांबायची. आता स्टिअरिंगला लोंबकळून, दात आवळून दाबावं लागे. ज्ञानूनं हे कुणाला सांगितलं नाही. उतार आला की दुसऱ्या गियरात गाडी घालायची, मागच्याला हात बाहेर काढून वाट द्यायची, हसायचं. घरी आल्यावर मात्र फुलाबाईपुढं पाय पसरायचा. ती कढवलेलं तेल गुडघ्यावर ओतायची आणि बोटांनी रगडायची.

"हितं दुखतंय?"

"न्हाई."

"मग हितं?"

"दुखत न्हाई गं. जोरच न्हाई त्याच्यात."

"जोर कसा आसंल? उभी हयात त्याच पायावर उभं ऱ्हायलाय." फुलाबाईनं निकाल दिला आणि आणखी तेल ओतलं.

मग ती म्हैस. वळण घेतलं आणि समोर ती, निवांत रवंथ करत. ज्ञानूनं दोन्ही पाय ब्रेकवर रोवले. गाडी थांबली तेव्हा म्हशीचा श्वास काचेवर धुकं धरत होता. साळूबाई धावत आली.

"ज्ञानूभावजी, डोळं गेलं का काय तुमचं?"

"डोळं न्हाई गं," ज्ञानू म्हणाला. "पाय गेला."

तोंडातून निघून गेलं ते. एकदा निघाल्यावर खरंच झालं. मागं हौद्यात कधी दूध असतं, कधी माणसं असतात. संध्याकाळी त्यानं मानसिंगला फोन लावला आणि गाडी देऊन टाकतो म्हणाला. मानसिंगला पेंढा वाहायला गाडी हवीच होती. "शब्द म्हंजे शब्द," तो म्हणाला. त्याची एकच अट: भोरला गोरखच्या गॅरेजात दाखवून आणा, तिथंच चावी द्या.

*

निघताना सून शुभांगी शेजारी बसली. नवरा अभिषेक शिरवळला कंपनीत, त्याची पाळी होती. येताना एसटीनं यायचं. तेव्हा सासरे एकटे नकोत, म्हणून ती आली. नसरापूर गेलं, कापूरहोळ गेलं. ज्ञानू गाडी अशी चालवत होता की सायकलवाले पुढं जात होते.

"आबा, वरात हाय का आपली?" शुभांगी म्हणाली.

"गप बस. शेवटची फेरी हाय."

ती बाहेर बघत राहिली. कापणी झालेली खाचरं, उभ्या केलेल्या पेंढ्या, उत्रोलीच्या वळणावरचा एक बगळा.

*

गोरख गाडीखालून ओरडला, "आबा, ब्रेक दाबा!"

ज्ञानू दारापाशीच उभा राहिला. गॅरेजात चार माणसं चहा पीत बसलेली. त्यांच्यादेखत स्टिअरिंगला लोंबकळायचं?

"शुभांगी, तू दाब गं."

ती चढली. पाय ठेवला. मग साडी सावरून दुसरा पाय ठेवला.

"आबा, ह्यो तर दगड हाय!"

"क्लच न्हवं, ब्रेक दाब."

"ब्रेकच दाबत्ये! भिताडावर पाय दिल्यागत लागतंय. तुमी रोज ह्ये दाबत व्हता?"

ज्ञानूनं आपल्या उजव्या पायाकडं पाहिलं. इतके महिने मनातल्या मनात शिव्या घातलेल्या माणसाकडं बघावं, तसं.

गोरख बाहेर आला. बॉनेट उघडून त्यानं एक जाड नळी उपसली आणि गाडी चालू करायला सांगितली. नळीच्या तोंडावर अंगठा ठेवला, चेहरा वाकडा केला.

"आबा, या. अंगठा द्या हितं."

ज्ञानूनं अंगठा दिला. गोठ्यात जन्म गेलेल्या माणसाला ते लगेच कळलं. हागवण लागलेलं वासरू जसं ओढतं, तोंडात धरतं आणि सोडून देतं, तसं.

"ओढच न्हाई," तो म्हणाला.

"न्हाईच. डायनामोच्या मागं पंप असतोय. त्यो हवा ओढतो, म्हणून ब्रेक हलका लागतो. त्यो पंप गळतोय. ऑईल भायेर, हवा आत." गोरखनं डायनामोच्या पाठीवरून बोट फिरवलं. बोट काळं झालं. "ऑईल कमी व्हत न्हवतं?"

"व्हायचं. म्या टाकायचो. म्हटलं गाडी म्हातारी झाली, पिणारच."

चहावाले हसले.

"आन गाडीखाली डाग?"

"न्हाई बा."

"पडलाच पायजे."

"न्हाई म्हंतो ना! आमचं आंगण येऊन बघ, आरशावानी हाय."

गोरखनं खांदे उडवले. पट्टा सैल करून डायनामो उतरवला. पंपाचे स्क्रू हट्टी निघाले. त्यांना डिझेल पाजलं, हातोडीनं टिचक्या मारल्या, तेव्हा कुठं फिरले. आतून रबरी कडं निघालं. ते वाळवलेल्या कारल्याच्या काचरीसारखं कडक झालं होतं, आणि ज्ञानूनं हातात घेताच मोडलं. शुभांगीनं ते उचलून आपल्या रुमालात बांधलं. का, ते तिलाही सांगता आलं नसतं.

नवं कडं बसलं. सील बदललं. बंद करण्याआधी गोरखनं पंपात थोडं ऑईल सोडलं. कोरडा फिरला तर आतल्या पात्या स्वतःलाच खातात, म्हणाला. सगळं जागेवर गेलं, गाडी चालू झाली.

ज्ञानूनं कुणी न सांगता अंगठा पुढं केला. नळीनं तो असा धरला की सोडवताना फट्‌ आवाज आला.

"निरोगी हाय," तो म्हणाला. मग गाडीत चढला, ब्रेकवर नुसतं पाऊल टेकलं. ब्रेक खाली गेला. पुन्हा टेकलं. पुन्हा. चहावाले बघत होते, पण आता बघू देत.

*

मानसिंग आला तो पेढ्यांचा पुडा घेऊन. आला तेव्हा ज्ञानू अजून सीटवरच होता.

"उतरा आबा, आता आमाला बसू द्या."

ज्ञानू उतरला. चावी हातात घट्ट धरलेली.

"मानसिंग, पाय गेला म्हनून गाडी देतो म्हनलो व्हतो. पाय जाग्यावर हाय. पंप गेला व्हता."

"म्हंजे?"

"म्हंजे, शब्द परत मागतो."

मानसिंगनं गोरखकडं पाहिलं. गोरख पाने पुसू लागला.

"वा रं वा! पंप नीट झाला आन शब्द गळायला लागला व्हय? आन माझा पेंढा? त्यो काय डोक्यावर आनू?"

ज्ञानूनं मान खाली घातली. चावी तशीच पुढं केली. "तुजं खरं हाय. शब्द म्हंजे शब्द. घे."

मानसिंगनं चावीला हात लावला नाही. पुड्याची सुतळी सोडत बसला. बराच वेळ लावला त्यानं एका सुतळीला.

"दंड पडंल," शेवटी म्हणाला. "यंदाचा समदा पेंढा तुमीच आनायचा. तुमच्या गाडीत. आन रचायला पन हात लावायचा."

"आनतो."

"पाय दुकतो म्हनायचं न्हाई."

"न्हाई म्हननार."

"मग खा पेढा. आनलाय तर."

*

परतीच्या वाटेवर उतार आले तसे गेले. शुभांगीनं तीनदा सांगितलं, "आबा, हळू."

घरी दिवेलागणीला अंगण लख्ख होतं. ज्ञानू खाली वाकून बघत राहिला.

"काय हुडकताय?" फुलाबाईनं विचारलं.

"हितं कदी काळा डाग पडायचा का?"

"रोज! तुमी सकाळी गाडी काढून गेलात की दिसायचा. राख टाकून खरवडायची आन शेणानं सारवायची म्या. वंगाळ दिसतं दारात."

"मला सांगायचं न्हाई?"

"आदीच पायानं बेजार माणूस. त्यात गाडीचं कशाला घालू कानात?"

शुभांगीला हसू आवरेना. ज्ञानूला आधी राग आला, मग तोही हसला, आणि फुलाबाई दोघांकडं बघत तेलाची बाटली आणायला आत गेली.

पहिला डाग गौरी आल्या त्या दिवशी पडला होता; अंगणात पावलं काढायची होती, म्हणून तो सारवला गेला.