चौथं बेरिंग

रोपवाटिकेच्या बाईंची जुनी पिकअप दोरीने ओढत गॅरेजच्या दारात आणली, तेव्हा मिस्त्री हातातलं काम टाकून बाहेर आला. बाईंनी किल्ली फिरवली. इंजिनाच्या तळातून ठण ठण ठण असा आवाज आला आणि मिस्त्री ओरडलाच, "बंद करा, बंद करा आधी!"

ओळीतलं चौथं बेरिंग. पुन्हा तेच.

गाडीखाली आडवा होऊन त्याने तेलाचा चेंबर उतरवला आणि आत बोटं फिरवली. या वेळी नुसतं बेरिंग गेलं नव्हतं, बेरिंगांवर फिरणाऱ्या दांड्याला, क्रँकलाही खोल ओरखडे पडले होते. आता खालच्या खाली बेरिंग बदलून भागणार नव्हतं.

"दोन रस्ते आहेत," तो हात पुसत म्हणाला. "हे इंजिन उतरवायचं, पार खोलायचं आणि नव्याने बांधायचं. तीन आठवडे तरी जातील. नाहीतर अपघातातल्या गाडीचं एक चालू इंजिन पडलंय माझ्याकडे, ते बसवतो. परवा गाडी घेऊन जा."

"आणि हे जुनं?"

"भंगारात. वितळवून टाकतात," तो घाईघाईने म्हणाला.

आता एवढी घाई कशाला, तेही ऐका. बारा वर्षांपूर्वी हेच इंजिन मिस्त्री आणि त्याच्या धाकट्या भावाने मिळून बांधलं होतं. गॅरेजमध्ये कामाची वाटणी ठरलेली होती, क्रँक थोरल्याचा आणि बोल्ट धाकट्याचे. क्रँक घासून गुळगुळीत करणं, त्याच्या पोटातली, बेरिंगांना तेल पोचवणारी भोकं साफ करणं, सगळं मिस्त्री स्वतः करायचा. धाकट्याची काय बिशाद होती क्रँकला हात लावायची! त्याने फक्त बेरिंगं बसवायची आणि बोल्ट कसायचे. तर महिन्याभरात चौथं बेरिंग गेलं, आणि मिस्त्रीने क्रँककडे न बघताच खापर धाकट्यावर फोडलं. तेही गिऱ्हाइकांसमोर. "बोल्ट ढिले ठेवलेस! कुणाच्या तरी जिवावर बेतलं असतं!" धाकटा मान खाली घालून ऐकत राहिला. आठ दिवसांनी गॅरेज सोडून गेला. तोवर बोभाटा सगळीकडे झालेला, त्यामुळे पुन्हा कुणी त्याच्या हाती इंजिन म्हणून दिलं नाही. आता तो हमरस्त्यावर एका टायरच्या दुकानात पंक्चर काढत होता.

बरं, तिथेच संपलं असतं तर मिस्त्री सुखाने झोपला असता. पण त्यानंतरचे बोल्ट त्याने स्वतः कसले होते, मोजून मापून. तीन वर्षांत बेरिंग गेलं. पुन्हा कसले, पुन्हा गेलं. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि ते कुठे हे न कळायला तो काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. पण इंजिन खोललं नाही तोवर 'कदाचित आपली चूक नसेलही' म्हणायची सोय होती. म्हणून दर वेळी नवं बेरिंग बसवायचं आणि चेंबर लावून मोकळं व्हायचं. भित्रा! दुसरा शब्दच नाही.

बाई बोनेटला टेकून उभ्या होत्या. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, मिस्त्री. ही तुमच्या घरची गाडी असती, तर काय केलं असतंत?"

दुसरं इंजिन किती चाललंय, आतून किती झिजलंय, देव जाणे. बाईंच्या या इंजिनाचा ब्लॉक, म्हणजे लोखंडी धड, मात्र अजून खणखणीत होता. मिस्त्रीने आयुष्यात बरंच काही केलं असेल, पण कामाच्या बाबतीत गिऱ्हाइकाला तोंडावर खोटं सांगणं त्याला जमत नसे.

"बांधलं असतं," तो म्हणाला.

"मग बांधा की! एवढं तोंड पाडून काय सांगताय?"

दुसऱ्या दिवशी बायको जेवणाचा डबा घेऊन आली, तेव्हा इंजिन साखळीला लटकत होतं आणि मिस्त्री नुसताच समोर बसला होता.

"खोला ना," ती म्हणाली. "भावजींचं नाव काढलं की बारा वर्षं उठून जाताय. आज कुठे जाल?"

ती तिथेच स्टूल ओढून बसली. मग काय करतो! दुपारपर्यंत क्रँक बाहेर निघाला. मिस्त्रीने भोकांत तार घातली. पहिल्या तीन भोकांत ती सरळ गेली. चौथ्यात अडली. तारेला आकडा करून त्याने ओढलं, तेव्हा बोटाच्या पेराएवढा काळा, कडक बोळा बाहेर आला. चिंधी होती. क्रँक घासताना कचरा आत जाऊ नये म्हणून भोकांत चिंध्या कोंबायची त्याचीच पद्धत होती, दुसरं कुणी तसं करत नसे. चार कोंबल्या होत्या. तीनच काढल्या.

"काय आहे हो?" बायकोने विचारलं.

"माझं पाप," मिस्त्री म्हणाला. "तेल पुरेसं पोचतच नव्हतं गं. बोल्ट बरोबर होते त्याचे." आणि तो लहान पोरासारखा रडला.

डबा तसाच ठेवून तो टायरच्या दुकानात गेला. धाकटा एका ट्रकच्या चाकाचे नट कसत होता. एक फेरी झाली, दुसरी झाली, तिसरी सुरू केली. ड्रायव्हर वैतागला, "अरे बाबा, किती वेळा तेच तेच?"

"झालंच, झालंच," धाकटा म्हणाला आणि वळला. "दादा? तू इथे कसा?"

मिस्त्रीने रस्त्यात मनाशी जुळवलेली वाक्यं विसरून सगळं सांगून टाकलं. क्रँक, चिंधी, सगळं. "माझी चूक होती. तुझे बोल्ट बरोबर होते. तुला ठाऊकच असेल म्हणा. बारा वर्षं मनातल्या मनात शिव्या घातल्या असशील मला."

धाकट्याने पाना चाकाला टेकवून ठेवला.

"नाही रे," तो म्हणाला. "मला आठवत होतं, बोल्ट नीट कसले होते ते. चांगलं आठवत होतं. पण तू ढिले म्हणालास, म्हणजे ढिलेच असणार. मला वाटलं, माझ्या आठवणीवरच भरवसा ठेवण्यात अर्थ नाही."

त्याने शिव्या दिल्या असत्या तर मिस्त्रीने ऐकून घेतल्या असत्या. थोबाडीत मारली असती तरी बरं वाटलं असतं. हे मात्र त्याला सोसवेना.

"चल," तो कसंबसं म्हणाला. "इंजिन तू बांध. सगळं तूच कर, क्रँकसुद्धा. मी लोकांना सांगतो काय झालं ते."

धाकट्याने डोळे पुसले, मान हलवून हो म्हटलं आणि पुन्हा चाकापाशी बसला.

"येतो. थांब हं दादा," तो म्हणाला, "एवढे नट एकदा बघून घेतो."