दुखऱ्या पायांचं घर

नवऱ्याच्या उजव्या अंगावरून वारं गेलं आणि जिन्याखालची स्कूटर तिथेच उभी राहिली. इतकी वर्षं तोच तिला कारखान्याच्या फाटकाशी सोडत आला होता. चष्म्याच्या काचा घासायचं तिचं काम, दिवसभर स्टुलावर बसून. पायांना काही काम असतं, हे ती जवळजवळ विसरूनच गेली होती. स्कूटर शिकायची राहून गेली ती राहूनच गेली. बसने जायचं तर दोनदा बदलावी लागे, आणि तेवढा जादा वेळ त्याला घरात एकट्याला ठेवायचं तिच्या जिवावर येई. शेवटी थोरल्या नणंदेने आपल्या घरी धूळ खात पडलेली सायकल आणून दारात लावली.

"शाळेत चालवायचीस ना? सायकल आणि पोहणं कुणी विसरत नाही," नणंद म्हणाली.

डोकं विसरलं नव्हतं, पण पाय साफ विसरले होते. पहिल्या दिवशी पुलाच्या चढावावर तिला वाटलं, ऊर फुटेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरली तर मांड्या लाकडाच्या झालेल्या. जिना उतरताना तोंड भिंतीकडे करून, कठडा धरून, एकेक पायरी उलटी उतरावी लागली. खालच्या मजल्यावरच्या शेजारणीने विचारलं, "काही हरवलं का?" ती म्हणाली, "हो, वय." आणि तशीच उलटी खाली गेली.

घरात मात्र तिने हूं की चूं केलं नाही. आंघोळीच्या वेळी दार लावून पोटऱ्यांवर गरम पाणी ओतायची आणि टॉवेल दाताखाली धरायची. नवऱ्यासमोरून जाताना मुद्दाम भरभर चालायची. ज्याचा अर्धा देह खुर्चीत दगडासारखा पडलाय, त्याच्यासमोर पाय दुखतात म्हणून रडगाणं गायचं?

तो तर आधीच आतून विझला होता. बोलायचा कमी, आणि बोलला तरी शब्द जिभेवरून घसरायचे. व्यायाम करून घेणाऱ्या बाई आठवड्यातून दोनदा यायच्या. त्या असायच्या तोवर तो सांगतील तसा पाय हलवायचा, त्यांची पाठ वळली की खिडकीबाहेर बघत बसायचा. "तू हातपाय गाळून बसलास तर तिने कुणाकडे बघायचं?" असं नणंदेने एकदा खडसावलंही. त्याने मान फिरवली.

शुक्रवारी वारा समोरून होता. चाकांत हवा कमी आहे हे तिच्या ध्यानातही आलं नाही. सायकल जड जातेय याचा दोष ती स्वतःलाच देत राहिली आणि होता नव्हता तो जोर लावून घरी पोचली. त्याला पाणी द्यायला वाकली, तोच डाव्या पोटरीत पेटका आला. आत कुणीतरी दोरी पिळावी तसा मांसाचा गोळा झाला. भांडं एकीकडे गेलं, ती दुसरीकडे. फरशीवर पाय धरून ती कळवळत होती, आणि तोंडातून नको नको म्हणताना किंकाळी निघून गेली.

पुढे काय झालं ते तिला तुकड्यातुकड्यांनीच आठवतं. खुर्ची करकरली. तो डाव्या हातावर भार देऊन खाली घसरला. पडलाच म्हणा ना. मग कोपराने फरशी रेटत, मेलेला पाय मागे ओढत तिच्यापर्यंत आला. त्याने तिच्या पायाची बोटं मुठीत धरली आणि चवडा तिच्या गुडघ्याकडे दाबून धरला.

"ओढू... नको. श्वास घे."

हळूहळू गोळा सैल झाला. तरी त्याने हात काढला नाही.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुमच्यापुढे कुठल्या तोंडाने सांगू?"

सांडलेलं पाणी त्याच्या लेंग्याखाली पसरत होतं. मग एकेक शब्द शोधून काढत तो म्हणाला, "मला... कळत नाही का? बाथरूममध्ये... रडतेस. वाटलं, माझ्यापायी रडतेस. मला कंटाळलीस."

ती उठून बसली. इतके दिवस ती त्याला जपत होती आणि त्याला वाटत होतं, ती सुटायची वाट बघतेय. तिने त्याच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि या वेळी टॉवेल न धरता रडली.

त्याला परत खुर्चीत बसवणं दोघांच्या आवाक्यातलं नव्हतं. नणंद आली तेव्हा दोघं ओल्या फरशीवर भिंतीला टेकून बसलेली. "काय झालं?" तिने घाबरून विचारलं. तो म्हणाला, "हवा... भर. चाकात. खिडकीतून... दिसलं." भावाने आपणहून काही सांगावं, हे नणंदेला नवीनच होतं. दोघींनी मिळून त्याला खुर्चीत बसवलं आणि ती पंप आणायला गेली.

पुढचे दोन दिवस त्याने तिला सायकलला हात लावू दिला नाही. नणंदेकडून सीट चार बोटं वर करवून घेतली. खालच्या सीटवर गुडघे मोडून दामटायचं नाही, आणि चढावावर लाज न धरता उतरून चालायचं, असं त्याने तिला बजावलं. संध्याकाळी ती भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायची तेव्हा तोही खुर्चीत आपला पाय हलवू लागला. कुणी तसं ठरवलं नव्हतं. तिच्या पायांचं दुखणं महिन्याभरात ओसरलं. त्याचा पाय पूर्ण परतला नाही, परतणारही नाही असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. काठी टेकत दारापर्यंत येतो, एवढंच. त्या बातमीच्या दिवशी तो जेवला नाही, आणि तिनेही आग्रह केला नाही.

एकदा तो तिच्या पोटऱ्या चोळत होता तेव्हा ती म्हणाली, "आता खरंच दुखत नाहीत. उद्या पूल न उतरता चढून बघते."

त्याचा हात थांबला. "चढू नकोस," तो म्हणाला. "गुडघे जप. दोघांना पुरवायचेत."

दुसऱ्या दिवशी पुलाच्या पायथ्याशी ती सायकलवरून उतरली. मागून येणाऱ्यांना पुढे जाऊ दिलं, आणि हँडल धरून, पाय मोजून टाकत, चढ चालू लागली.