सगळ्यात दांडगा ट्रक

रिटायर झाल्यावर गाडीला राहायची सोय असलेला ट्रेलर जोडून अमेरिका पालथी घालायची, असं हेमचंद्रने कधीचं ठरवलं होतं. तो ओढायला पिकअप ट्रक निवडताना मात्र त्याने पार कीस काढला. ट्रेलरचं वजन, टाकीतलं पाणी, बायकोचा, सुचित्राचा कुकर, तांदळाची गोणी, सगळं हिशेबात धरून सेल्समनला जीव नकोसा केला.

शेवटी शॉमबर्गमधल्या त्यांच्या घराच्या दारात सगळ्यात दांडगा ट्रक येऊन उभा राहिला. सुचित्राने त्याला हळदकुंकू लावलं, नारळ वाढवला.

"बस आता," हेमचंद्र ऐटीत म्हणाला.

तिने ट्रकच्या उंच पायरीवर पाय ठेवला. कित्येक वर्षं दुखणाऱ्या गुडघ्यावर भार देऊन तिला वर चढता येईना. दुसऱ्यांदाही जमलं नाही.

प्रसादाचं खोबरं त्याच्या हातावर ठेवत ती म्हणाली, "या तुम्ही जाऊन. फोटो पाठवा."