पुरुष आन् बाज

लोह्याच्या चर्चमध्ये बायबलातलं पौलाचं पत्र गावच्या बोलीत उतरवायचं काम चाललं होतं. वैजनाथ पाळक अर्थ सांगायचे, लातूरहून आलेली पुनम तो लॅपटॉपवर टिपायची, आणि शब्द पारखायला होत्या कस्तुराबाई. जात्यावर ओव्या म्हणत म्हातारी झालेली बाई ती. शब्द कच्चा की पक्का, हे तिच्या कानाला आधी कळायचं.

 आज पापी लोकांची यादी होती. त्यातल्याच एका शब्दापायी कस्तुराबाईंच्या लेकाची, दयानंदाची पेटी दोन नाताळं मुकी होती. दयानंद लातुरात शिवमसंगं राहायचा, संसार थाटून. ते कळलं, तसं पाळकांनी त्याला उपासनेत पेटी वाजवायची बंदी केली होती.

मूर्तिपूजक लिहून झाले, व्यभिचारी लिहून झाले. पाळक थांबले. घसा खाकरून म्हणाले, "पुढं लिही... तसले लोक."

"तसले म्हंजी कसले?" कस्तुराबाई म्हणाल्या.

"तसले हो! तुम्हाला ठावं हाय."

"मला ठावं हाय, पण वाचणाराला? 'तसले' म्हटलं की जो तो शेजाऱ्याकडं बघंल."

पुनमनं हसू दाबलं. "मावशी, मूळ ग्रीकमध्ये दोन शब्द आहेत. पहिल्याचा सरळ अर्थ मऊ."

"मऊ?" कस्तुराबाईंची नजर पाळकांच्या हातांवर गेली. "विळा न धरलेले हात लई मऊ असतात, न्हाई का पाळकसाहेब?"

पाळकांनी हात टेबलाखाली घेतले.

"दुसरा जोडशब्द. पुरुष आणि बिछाना. जुन्या लिखाणात क्वचितच सापडतो. नेमकं कुणाला म्हटलंय, यावर पंडित अजून भांडतायत," पुनम म्हणाली.

"पुरुष आन् बाज?" कस्तुराबाईंनी कपाळावर हात मारला. "अगं माय, हे तर आमचे मालक! सकाळी च्या बाजेवर, दुपारी भाकर बाजेवर. लिही पोरी, शेषेराव!"

शेषेराव नेमके त्यांना न्यायला दारात आले होते. "माझं काय?"

"तुमचं नाव पौलाच्या पत्रात आलंय."

"चांगल्यात का?"

"न्हाई."

"थट्टा पुरे," पाळक म्हणाले. "अर्थ सगळ्यांना ठाऊक हाय."

"मग सांगा ना काका, काय लिहू?" पुनमची बोटं तयार होती.

पाळकांनी तोंड उघडलं, समोरच्या आईकडं पाहिलं आणि मिटलं. "जागा कोरी ठेव."

कस्तुराबाईंचा आवाज एकदम खाली आला. "शब्द कोरा, आन् सजा मातर पक्की? ओवीत शब्द अडला तर आम्ही जातं थांबवतो, पाळकसाहेब. पीठ कुणाच्या डोळ्यात फेकत न्हाई."

 

पाळकांनी लॅपटॉप आपल्याकडं वळवून ती कोरी जागा पाहिली. मग त्यांनी मोबाईल काढला.

"दयानंदा, वैजनाथ बोलायलोय. नाताळाला ये बाबा, पेटीवर तूच बस. आन् येताना तुझ्या त्या... तुझ्या..."

शब्द पुन्हा अडला.  पाळकांनी पुनमकडं पाहिलं, पुनमनं लॅपटॉपकडं.

कस्तुराबाईंनी फोन हिसकावून घेतला. "शिवमला घिऊन ये रं. आन् आधी सांग, त्याला तिखट कितपत चालतंय?"